गिऱ्हाईक रुसलं, वडे करपले!

मुलांनो, दुकानात चार गिऱ्हाइकं उभी आहेत. पहिल्याला डोसा हवा. दुसरीला डोसा आणि सरबत. तिसऱ्याला दोन वडे. चौथा अजून काही बोललेला नाही, पण त्याच्या डोक्यावरची हिरवी पट्टी पिवळी झाली आहे आणि आता लाल व्हायला लागली आहे. डोसा सोनेरी झाला, उचला! पेला भरला, बंद करा! अरे अरे, वडे करपले! आणि तेवढ्यात आतून आईची हाक येते, "जेवाले चाल ना बापा, भाकर थंडी होऊन राह्यली."

"थांब वं माय, एकच लेव्हल राह्यली!"

अमरावतीपासून अकोल्यापर्यंत हा संवाद रोज किती घरांत होत असेल, कोण जाणे! गंमत बघा, खरी भाकर ताटात थंड होते आणि जो डोसा कोणी कधीच खाणार नाही त्याच्यासाठी दहा बोटांची धावपळ चाललेली असते.

हा मोबाइलवरचा हॉटेलचा खेळ तुम्ही ओळखलाच असेल. ज्या पालकांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पडद्यावर एक छोटं हॉटेल असतं. गिऱ्हाईक येतं, त्याच्या डोक्यावर एक फुगा येतो आणि फुग्यात त्याला काय हवं त्याचं चित्र असतं. आपण बोटाने तवा, कढई, पेला, ताट यांना स्पर्श करत जायचं आणि पदार्थ त्याच्यापुढे ठेवायचा. गिऱ्हाइकाला धीर थोडा. उशीर झाला की ते रुसून निघून जातं. पदार्थ जास्त वेळ राहिला तर करपतो. लवकर वाढलं तर नाणी जास्त. दोन-तीन मिनिटांत डाव संपतो आणि एक, दोन किंवा तीन तारे मिळतात. वाचता येत नसलं तरी खेळता येतो. म्हणूनच माझ्या चौथीच्या वर्गात "हा खेळ कोण कोण खेळतं?" असं विचारल्यावर निम्म्याहून जास्त हात वर गेले. आणि बरं का, त्यात मुलांचे हात मुलींपेक्षा कमी नव्हते. घरी चहाचा कप न उचलणारे आमचे काही वीर तिथे मात्र शंभर-शंभर गिऱ्हाइकं जेवू घालतात!

या खेळाचं कूळ जुनं आहे. १९८३ साली अमेरिकेत 'टॅपर' नावाचा खेळ आला. तेव्हा कपाटाएवढ्या यंत्रात नाणं टाकून खेळावं लागे. चार लांब टेबलं, त्यांच्या कडेने पुढे पुढे सरकणारी गिऱ्हाइकं आणि त्यांच्याकडे भरलेले पेले सरकवणारा एकटा माणूस. रिकामा पेला परत आला की तो झेलायचा, सुटला तर खळ्ळकन फुटायचा. मूळ खेळात त्या पेल्यांमध्ये बिअर होती! मुलंही खेळतात हे लक्षात आल्यावर मग 'रूट बिअर' नावाचं नशा नसलेलं गोड पेय दाखवून त्याची दुसरी आवृत्ती काढली.

पण आजच्या खेळांची खरी आजी म्हणजे 'डायनर डॅश'. न्यूयॉर्कच्या गेमलॅब या कंपनीने तो तयार केला आणि २००४ च्या सुमारास तो संगणकावर आला. फ्लो नावाची एक मुलगी ऑफिसच्या कामाला कंटाळते, नोकरी सोडते आणि एक मोडकं हॉटेल चालवायला घेते, अशी त्याची गोष्ट. फ्लो स्वयंपाक करत नाही. ती गिऱ्हाइकाला जागा देते, ऑर्डर घेते, ताट नेऊन ठेवते, पैसे घेते, टेबल साफ करते. त्यात एक छान युक्ती होती. एकाच प्रकारची कामं लागोपाठ केली तर गुण वाढत जायचे. म्हणजे एका टेबलाची ऑर्डर घेतली की लगेच दुसऱ्याही टेबलाची घ्यायची, आणि मगच स्वयंपाकघराकडे वळायचं. पाटीभर धुणं नदीवर एकदाच नेणाऱ्या आजीला हे कोणी शिकवावं लागलं नव्हतं!

पुढे २००६ मध्ये जपानमधून 'कुकिंग मामा' आली. त्यात कापणं, ढवळणं, उलटणं सगळं खेळणाऱ्याने छोट्या काडीने पडद्यावर करायचं. २०१४ मध्ये युरोपातल्या लिथुआनिया या छोट्याशा देशातून 'कुकिंग फीव्हर' आला. आणि त्याच वर्षी आपल्या शेजारच्या कर्नाटकातल्या एका गावातून 'स्टार शेफ' निघाला. गाव कोणतं माहीत आहे? उडुपी! इडली-डोशाच्या हॉटेलला आपण ज्या गावाच्या नावाने 'उडपी' म्हणतो, तेच. तिथल्या नाइन्टीनाइन गेम्स या कंपनीने तो बनवला. म्हणजे हे खेळ फक्त सातासमुद्रापलीकडेच बनतात असं नाही.

पण मला विचाराल तर या खेळाची सगळ्यात अवघड लेव्हल आपल्या वऱ्हाडातच आहे. शेगावच्या फलाटावर!

मुंबई-हावडा लोहमार्गावरची गाडी बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला करत शेगावला येते. थांबते जेमतेम दोन-तीन मिनिटं. तेवढ्यात डब्याच्या खिडकीतून हात बाहेर येतात, "भैया, चार कचोरी!" फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी १९५० च्या सुमारास शेगाव स्टेशनवर ही कचोरी विकायला सुरुवात केली, आणि ती गाडीत बसूनच देशभर पोचली. आता या लेव्हलचा विचार करा. गिऱ्हाईक डोक्यावर पट्टी घेऊन उभं नाही. त्याची पट्टी म्हणजे गार्डची शिट्टी. सुटे पैसे परत द्यायचेत, हिरवी मिरची द्यायची विसरायची नाही, आणि खिडकी तर हलायला लागली आहे. गाडी लागल्यावर कढई चुलीवर ठेवली तर काय होईल? तेल तापायच्या आत गाडी जलंब्याला! म्हणून तिथली हुशारी तळण्याच्या वेगात कमी आणि आधीच्या तयारीत जास्त असते. कोणती गाडी किती वाजता आणि त्या गाडीला साधारण किती कचोऱ्या लागतात, हे ज्याच्या डोक्यात पक्कं, तो जिंकला. अमरावतीत गिला वड्याच्या गाडीपुढे संध्याकाळी उभे राहिलात तर तिथेही हेच दिसेल. हात कढईत आणि डोळे रांगेवर.

आता थोडं गणित करू. घाबरू नका, चौथीचंच आहे.

समजा, आठवडी बाजारात एका काकूंचा भज्यांचा ठेला आहे. कढई एक. एक प्लेट भजे तळायला ४ मिनिटं लागतात. दर ३ मिनिटांनी एक गिऱ्हाईक येतं. आता तासाभरात किती गिऱ्हाइकं आली? ६० भागिले ३, म्हणजे २०. तासाभरात किती प्लेटा निघाल्या? ६० भागिले ४, म्हणजे १५. काकूंनी पापणीसुद्धा न हलवता काम केलं तरी पाच जण रांगेत राहणारच. दुसऱ्या तासात दहा. तिसऱ्या तासात पंधरा. वेग फक्त एका मिनिटाने कमी पडला, तरी रांग वाढतच जाते. मोठी कढई आणली, जिच्यात ५ मिनिटांत दोन प्लेटा निघतात, तर? तासाला २४ प्लेटा. रांग संपली, आणि काकूंना घोटभर पाणी प्यायला सवडही मिळाली.

रांगांचं हे गणित मोठं शास्त्र आहे. डेन्मार्कच्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ मध्ये टेलिफोनच्या कॉलवरून त्याची सुरुवात केली. तारा थोड्या आणि बोलणारे जास्त, तर किती जणांना ताटकळावं लागेल, हा त्याचा प्रश्न होता. बँकेच्या खिडक्या किती हव्यात, दवाखान्यात खाटा किती, हे सगळं आज त्याच गणितावर चालतं.

आणि आता खेळाची खरी गोम ऐका. खेळ बनवणाऱ्यांनाही हे गणित पाठ असतं. पहिल्या पाच-सहा लेव्हलमध्ये तुमची छोटी कढई छान पुरते. तुम्ही खूश! मग गिऱ्हाइकं जराशी लवकर यायला लागतात. चारऐवजी साडेतीन मिनिटांनी म्हणा ना. मग तीन. तुमच्या बोटांचा वेग तोच, पण रांग वाढते, गिऱ्हाइकं रुसतात आणि तुम्ही हरता. वाटतं, आपणच ढिले पडलो. पण खरं म्हणजे कढई छोटी पडलेली असते, आणि ती नेमकी तिथेच छोटी पडावी असं आधीच ठरवलेलं असतं. तेवढ्यात पडद्यावर चकचकीत मोठी कढई येते. "फक्त इतकी नाणी!" तेवढी नाणी तुमच्याकडे नसतात. ती मिळवायला मागच्या लेव्हल पुन्हा पुन्हा खेळा, नाहीतर जाहिरात बघा, नाहीतर... खरे पैसे भरून विकत घ्या.

पूर्वी असं नव्हतं. डायनर डॅशच्या जमान्यात खेळ थोडा वेळ फुकट खेळायला मिळायचा, आवडला तर एकदाच पैसे भरून विकत घ्यायचा. लुडोचा पट आणला तसा. आता खेळ फुकट असतो, पण दुकान त्याच्या आत असतं. मला विचाराल तर जुनी रीत बरी होती. काय घेतलं आणि कितीला घेतलं, ते तरी कळायचं.

"पण मॅडम, फोन ठेवावासाच वाटत नाही, काऊन?" असं एका मुलाने मला विचारलं होतं. त्याचं एक उत्तर खऱ्या हॉटेलातूनच मिळतं. साधारण शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. बर्लिन शहरात कुर्ट लेविन नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या लक्षात आलं की वेटरला ज्या टेबलाचं बिल अजून यायचंय त्याची ऑर्डर तोंडपाठ असते, पण पैसे मिळाले की तो ती विसरून जातो. त्यांची विद्यार्थिनी ब्ल्यूमा झैगार्निक हिने यावर प्रयोग केले आणि १९२७ मध्ये ते प्रसिद्ध केले. लोकांना छोटी छोटी कामं दिली, काही पूर्ण करू दिली, काही मध्येच थांबवली. अर्धवट राहिलेली कामं लोकांना जास्त आठवली! पुढच्या संशोधकांचे यावर मतभेदही झाले आहेत, सगळ्यांना तेच निकाल मिळाले नाहीत. पण या खेळांकडे बघा. त्यात काहीच कधी पूर्ण होत नाही. तीनपैकी दोन तारे मिळतात. पुढच्या हॉटेलचं कुलूप अर्धं उघडलेलं दिसतं. वरून रात्री आठ वाजता फोनच वाजतो, "तुमची गिऱ्हाइकं वाट पाहत आहेत!" अहो, कोण वाट पाहतंय? चित्रं?

आता जे सांगणार आहे ते जरा पालकांसाठी, पण मुलांनीही वाचावं.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून घरोघरी मोबाइल आला. ज्या घरात आधी नव्हता तिथेही, उधारी करून का होईना, आला. तो आला, आणि राहिला. आमच्याकडे खेड्यात एक गोष्ट वेगळीच झाली. घरात इंग्रजी अक्षरं वाचता येणारं माणूस एकच, आणि ते म्हणजे पाचवीतलं पोरगं. खताच्या दुकानात पैसे पाठवायचे, बाबा फोन पोराच्या हातात देतात. वीज बिल भरायचं, पोरगं भरतं. पिन त्यालाच पाठ. बँकेचा मेसेज आला की "काय म्हणते रे ते?" असं बाबाच त्याला विचारतात.

अशाच एका घरात सोयाबीन विकल्याचे पैसे खात्यात आले होते. महिन्याभराने बियाण्यासाठी काढायला गेले तर साडेतीन हजारांच्या आसपास कमी. बँकेत गेले. तिथल्या बाईंनी नोंदी वाचून दाखवल्या. एकोणनव्वद रुपये, एकोणनव्वद रुपये, एकशे एकोणसाठ रुपये. सगळे एका खेळाच्या नावाने. मोठी कढई, जास्त नाणी, थोडे हिरे. पोराने चोरी केली असं त्याला स्वतःलाही वाटलं नव्हतं. रोज शंभर-दोनशे रुपये तोच तर पाठवतो, दुकानदाराला, वीज कंपनीला. हेही एक दुकानच. आणि हो, ते मेसेज बाबांना वाचून दाखवणाराही तोच होता. वडिलांनी हात उचलला नाही. ते एवढंच बोलले, "येवढ्यात अर्धी बॅग बियाणं आलं असतं रे." पोरगं आठ दिवस शाळेत कोणाशी बोललं नाही.

हे फक्त आपल्याकडे घडतं असं समजू नका. अमेरिकेत अनेक आईबापांच्या खात्यांतून असे पैसे गेले. २०१४ मध्ये तिथल्या ग्राहकहित सांभाळणाऱ्या सरकारी आयोगाने अॅपल कंपनीला किमान ३ कोटी २५ लाख डॉलर पालकांना परत करायला लावले, आणि त्याच वर्षी गूगललाही किमान १ कोटी ९० लाख डॉलर. मुलांनी घरच्यांना न विचारता खेळात केलेल्या खरेदीबद्दल! आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांचा कायदा केला. पण त्यातली बंदी आहे ती पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर. हॉटेलच्या खेळात जिंकायला पैसे नसतातच, फक्त खर्चायला असतात.

तेव्हा पालकांनो, हे आजच करा. फोनवरच्या प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये 'प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारा' अशी सोय असते, ती चालू करा. पासवर्ड मात्र मुलाकडून टाइप करून घेऊ नका! पैसे चुकून गेलेच तर थांबू नका. पहिल्या ४८ तासांत गूगलकडे परताव्याची मागणी केली तर काम सोपं होतं. आणि शक्य असेल तर ज्या खात्यात पिकाचे पैसे येतात ते फोनला जोडूच नका. रोजच्या खर्चाला दुसरं छोटं खातं ठेवा.

मग हे खेळ वाईटच का? मी तसं म्हणणार नाही. 'ओव्हरकुक्ड' नावाचा एक खेळ इंग्लंडमधल्या दोघा जणांनी बनवला, २०१६ मध्ये. तो चौघांनी मिळून एकाच पडद्यासमोर बसून खेळायचा. एकाने कांदा चिरायचा, दुसऱ्याने शिजवायचा, तिसऱ्याने ताटल्या धुवायच्या. बोललं नाही तर हरलेच समजा. घरात भांडणं लावणारा आणि मिटवणाराही खेळ आहे तो! आणि २०२३ मध्ये आलेला 'वेण्बा' तर मला फारच आवडला. त्यात घड्याळच नाही. कॅनडात राहायला गेलेली एक तमिळ आई, तिचा मुलगा, आणि तिच्या आईची फाटकी, पुसट झालेली पाककृतींची वही. इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या, कोणत्या पदार्थात आधी काय पडतं, हे विचार करून ओळखायचं. गिऱ्हाईक नाही, नाणी नाहीत, कोणी रुसत नाही. रुसतं ते फक्त घरातलं माणूस. असा एखादा खेळ वऱ्हाडी आजीच्या पातोडीवर किंवा रोडग्यांवर कोणी बनवला तर मी पहिली खेळेन.

तोपर्यंत आम्ही वर्गात आमचाच खेळ काढला आहे. मोबाइल लागत नाही. तुम्हीही खेळून बघा.

दोन बाकं आडवी लावायची, झालं हॉटेल. चार-चार जणांचे गट. एका गटाचं हॉटेल, बाकीचे गिऱ्हाइकं. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात एक चिठ्ठी, 'दोन भाकरी, एक ठेचा', 'एक झुणका, एक ताक' अशी. भाकर भाजायची म्हणजे गोल कागदावर एक गुणाकार सोडवायचा. ठेचा म्हणजे एक भागाकार. झुणका म्हणजे दोन बेरजा. ताक फुकट, फक्त त्यावर सुंदर अक्षरात 'ताक' लिहायचं. उत्तर चुकलं तर पदार्थ करपला, पुन्हा करा. गिऱ्हाइकाने मनात साठ अंक मोजायचे आणि मग उठून जायचं. दर अर्ध्या मिनिटाला नवीन गिऱ्हाईक.

पहिल्या दिवशी प्रत्येक हॉटेल बुडालं. चारही जण एकाच भाकरीवर तुटून पडायचे! दुसऱ्या दिवशी एका गटाने कामं वाटून घेतली. जो पाढ्यांत पक्का त्याच्याकडे भाकरी, ज्याचं अक्षर चांगलं त्याच्याकडे ताक, आणि एक जण नुसता चिठ्ठ्या वाचणारा. त्यांचं हॉटेल बरं चाललं.

मग आमच्या वर्गातल्या एका मुलीची पाळी आली. फारशी बोलत नाही ती. तिची आई बाजाराच्या दिवशी आलूबोंड्यांचा ठेला लावते. ती खेळ सुरू व्हायच्या आधी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, चार भाकरी आधीच करून ठेवल्या तर चालते का?"

मागून गलका झाला. "चीटिंग आहे, मॅडम! गिऱ्हाईक यायच्या आधी कशी भाकर करते?"

"काऊन? माय तर बोंडे आधीच करून ठेवते," ती म्हणाली.

वर्गात चांगली दहा मिनिटं वादावादी झाली. शेवटी सगळ्यांनी मिळून नियम केला. आधी करून ठेवायला हरकत नाही, पण खेळ संपल्यावर जेवढ्या भाकरी उरतील तेवढे गुण कापायचे, कारण शिळी भाकर कोण घेणार? त्या दिवशी तिच्या चार भाकरींपैकी एक उरली आणि एक गुण गेला. पुढच्या शनिवारी तिने खेळ सुरू व्हायच्या आधी खिडकीतून बाहेर डोकावून रांगेतली डोकी मोजली, चिठ्ठ्या हातात धरलेल्या पोरांचे चेहरे बघितले, आणि तीनच केल्या.